चिमटा बदलला आणि हँडल हातात राहिना: थरथरीचं मूळ कुठे शोधायचं

कोंढणपूर फाट्याच्या खाली, सिंहगडाच्या उतारावर माझ्या हायब्रिड सायकलचं (रोड आणि माउंटन सायकलच्या मधला प्रकार) हँडल पहिल्यांदा थरथरलं तेव्हा वेग ताशी ४० च्या आसपास होता. आधी वाटलं रस्ताच खराब आहे. पुढे रस्ता गुळगुळीत लागला तरी थरथर थांबेना, उलट वाढतच गेली. पुढचं चाक इतक्या झपाट्याने डावी-उजवी करू लागलं की ब्रेकवर बोटं टिकवणंही अवघड झालं. कसाबसा कडेला थांबलो आणि पाच मिनिटं नुसता कठड्यावर बसून राहिलो.

त्याच्या पंधराच दिवस आधी मी सायकलचा सस्पेन्शनवाला चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा फोर्क, काढून साधा, हलका चिमटा बसवून घेतला होता. आपल्याकडे हायब्रिड घेणारे बरेच जण हा बदल करतात. स्वस्त सायकलीवर येणारं सस्पेन्शन जड असतं, एक-दोन पावसाळ्यांत जाम होतं आणि डांबरी रस्त्यावर त्याचा उपयोग नावालाच. साध्या चिमट्याने किलोभर वजन उतरतं. बदल चांगला आहे, मी आजही तो कुणालाही सुचवेन. पण चिमटा आंधळेपणाने घेतला तर सायकलचा स्वभावच बदलतो, आणि मग दुकानाच्या फेऱ्या सुरू होतात. माझ्या तीन झाल्या. दर वेळी हेडसेट (चिमटा फ्रेममध्ये जिथे फिरतो तिथल्या वाट्या आणि छर्रे) आवळून मिळाला, दर वेळी दोन दिवसांनी तीच तक्रार. शेवटी मूळ सापडलं ते खडू, दोरा आणि गवंड्याचा ओळंबा घेऊन घराच्या पॅसेजमध्ये बसलो तेव्हा. ज्यांना हाच त्रास आहे त्यांनी या क्रमाने गेलं तर पैसे आणि कातडी दोन्ही वाचेल.

पहिली गोष्ट म्हणजे तक्रार नेमकी कोणती ते ठरवा. सगळेजण ‘वॉबल’ म्हणून मोकळे होतात, पण त्या एका शब्दात तीन वेगळे आजार दडलेले असतात.

थरथर म्हणजे हँडल आपोआप, ठरावीक लयीत हलणं, सेकंदाला साधारण ४ ते १० हेलकावे. ही एका विशिष्ट वेगाला सुरू होते, बहुतेक वेळा उतारावर, पायडल थांबवलेलं असताना. सगळ्या सायकलभर पसरणारं, एखाद्या तारेसारखं हे कंप पावणं आहे. चंचलपणा वेगळा. त्यात काहीही कापत नाही, पण हँडल नखभर हललं की सायकल हातभर सरकते. बाटली काढायला एक हात सोडावा तर सायकल दुसऱ्या बाजूला पळते. तिसरी तक्रार ओढीची: सरळ रस्त्यावर हात हलके केले की सायकल कायम एकाच बाजूला जाते.

ओढ असेल तर काहीतरी वाकडं आहे. चंचलपणा असेल तर मापं बदललेली आहेत, किंवा हेडसेट आवळला गेलाय. थरथरीला मात्र एक कारण क्वचितच पुरतं. सैल भाग, फ्रेमची लवचीकता, वजन कुठे ठेवलंय, स्वाराची बसण्याची पद्धत, हे सगळं मिळून ती तयार होते. एकाच सायकलला दोन तक्रारी एकत्र असू शकतात. माझ्या होत्या, आणि म्हणूनच तीन फेऱ्यांत निदान झालं नाही. एक दोष काढला की दुसरा तसाच राहायचा, आणि वाटायचं की काहीच सुधारलं नाही.

थरथर उतारावर सुरू झाली तर काय करायचं ते आधी सांगतो, कारण बाकीचं घरी बसून वाचता येईल. हँडल घट्ट आवळू नका. भीतीने तेच होतं, आणि ताठ हातांमुळे तुमचं शरीरही त्या झुलण्यात सामील होतं. दोन्ही गुडघे, निदान एक गुडघा, फ्रेमच्या आडव्या दांड्याला दाबून धरा. पायडलवर जरा उभं राहून सीटवरचा भार कमी करा. मग मागचा ब्रेक हळूहळू लावत वेग उतरवा. गुडघा दांड्याला लागला की थरथर बऱ्याचदा दोन-तीन सेकंदांत विरते, कारण फ्रेमचा पीळ तिथेच दाबला जातो. हे सपाट, रिकाम्या रस्त्यावर बिनथरथरीचं करून पाहा, म्हणजे वेळेला पाय आपोआप जातील.

आता घरी. आधी फुकटातली कारणं काढून टाकायची.

पुढच्या टायरमधली हवा बघा. कमी हवेचा टायर हँडल जड करतो आणि वळणात चिकटल्यासारखा वाटतो. बरेच जण त्याचाही दोष चिमट्याला देतात. मग चाक चिमट्याच्या दोन्ही खाचांत पूर्ण वरपर्यंत बसलंय का ते पाहा. सायकल स्टँडवर तिरकी उभी असताना क्विक रिलीज (चाक आवळण्याची खटक्याची दांडी) आवळलं की एक बाजू मिलिमीटर-दोन मिलिमीटर खालीच राहते. सायकल जमिनीवर सरळ उभी करून, हँडलवर वजन टाकून मग आवळायचं. नंतर रिम हातात धरून आडवी हलवा. टकटक जाणवली तर हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा, कोन नट ढिला आहे. चाक फिरवून आउट बघा, म्हणजे रिम डावी-उजवी किती झुलते ते. थोडासा आउट थरथर पैदा करत नाही, पण आरे ढिले पडलेले असतील तर चाक आडव्या जोराला दबतं आणि थरथरीला साथ देतं. दोन-दोन आरे बोटांत दाबून पाहिले तरी अंदाज येतो.

एवढ्याला दहा मिनिटं. खरा वेळ द्यायचा तो हेडसेटला, कारण इथे दोन उलट दोष सारखंच दुखणं दाखवतात.

ढिला हेडसेट ओळखणं सोपं आहे. पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं खालच्या वाटीच्या सांध्यावर ठेवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. सांध्यात हालचाल लागली तर ढिला. फक्त एक लक्षात ठेवा, ब्रेकचे हात किंवा सस्पेन्शनच्या नळ्या ढिल्या असल्या तरी हँडलला तशीच टकटक जाणवते, म्हणून बोट सांध्यावरच हवं.

जास्त आवळलेला हेडसेट मात्र लपून राहतो. सायकलचं पुढचं चाक उचला आणि फ्रेम जरा तिरकी करा. हँडलने स्वतःच्या वजनाने एका बाजूला सहज पडायला हवं. ते मध्येच अडकलं, किंवा ढकलल्यावर जिथे सोडलं तिथेच थांबलं तर तो आवळलेला आहे. आपण सरळ जातो असं वाटतं तेव्हाही सायकल सतत बारीक-बारीक वळत असते. झुकली की त्या बाजूला वळते, सावरते, दुसरीकडे झुकते. हेडसेटने ही हालचाल अडवली की ते सगळं काम हातांवर येतं आणि सायकल नागमोडी जाते. दुकानात दर वेळी ‘थरथर आहे ना, मग आवळतो’ म्हणून माझ्या सायकलचं नेमकं हेच होत होतं. थरथर दोन दिवस कमी व्हायची, चंचलपणा दुप्पट.

आणखी एक. हँडल हळूहळू फिरवताना बरोबर मध्यावर खाच लागल्यासारखं वाटतं का? छर्ऱ्यांनी वाटीत खळगे पाडलेत. आपल्याकडे पावसात खालच्या वाटीत पाणी जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि सरळ रस्त्यावर छर्रे महिनोन्महिने एकाच जागी आदळत राहतात. त्यावर ग्रीस भरून काही होत नाही, वाट्या आणि छर्रे बदलावेच लागतात. खर्च फार नाही.

चिमटा बदलल्यावर हेडसेट दर आठवड्याला पुन्हा ढिला पडत असेल तर खालची क्राउन रेस तपासा. क्राउन म्हणजे चिमट्याचे दोन पाय वर जुळतात तो भाग, आणि रेस ही त्यावर बसणारी हेडसेटची कडी. जुन्या चिमट्यावरची ती कडी काढून नव्यावर ठोकून बसवावी लागते. ती तळापर्यंत बसली नाही तर चालवताना हळूहळू खाली सरकते आणि तेवढी जागा वर ढिली पडते. माझी एका बाजूला केसभर वर राहिली होती. नळीचा तुकडा घेऊन ती नीट खाली बसवली, हेडसेट बेताने लावला, आणि थरथर गेली. त्या दिवसापासून ती परत आलेली नाही.

पण सायकल तरीही पळत होती. उतारावर ३५ च्या पुढे गेलं की वाटायचं, दोरीवर चाललोय.

इथे पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी मदत केली. त्यांनी सायकल बाजूने एकदा पाहिली आणि म्हणाले, “अहो, हा चिमटा बुटका पडलाय. जुना आहे का घरी? घेऊन या, शेजारी उभा करू.” जुना आणला. दोन्ही चिमटे फरशीवर उभे करून एक्सलच्या खाचेपासून क्राउन रेसपर्यंत टेप लावली. जुना ४४५ मिलिमीटर, नवा ३९५. पाच सेंटिमीटरचा फरक! मी बॉक्सवर फक्त ‘७०० सी’ हे चाकाचं माप वाचून घेतला होता. चाक बसलं म्हणजे चिमटा बसला, असं मी धरून चाललो होतो.

आता पाच सेंटिमीटरने काय होतं ते समजून घ्यायला थोडी भूमिती लागेल, पण ती डोळ्यांनी दिसणारी आहे.

हेड ट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या ज्या पुढच्या नळीत चिमटा फिरतो तिच्या, मधून जाणारी एक सरळ रेघ कल्पा. हँडल वळतं ते याच रेघेभोवती. ही रेघ खाली वाढवत नेली तर ती जमिनीला एका ठिकाणी टेकते. पुढचा टायर जमिनीला टेकतो तो तिच्या थोडा मागे. या दोन ठिकाणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीचं चाक जसं आपल्या खिळ्याच्या मागे-मागे येतं, तसंच सायकलचं पुढचं चाक त्या रेघेच्या मागे ओढलं जातं आणि वेगात स्वतःला सरळ करत राहतं. दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. सायकल सीटला धरून उभी करा आणि डावीकडे झुकवा, हँडल आपोआप डावीकडे वळेल. पडणारी सायकल स्वतःला त्या पडण्याखाली घालते आणि सावरते. यात ट्रेलचा हात मोठा आहे.

ट्रेल तीन मापांवर ठरतो. एक, हेड ट्यूबचा झुकाव, म्हणजे हेड अँगल, जमिनीपासून मोजलेला. दोन, चिमट्याचा पुढे आलेला बाक, ज्याला दुकानात ऑफसेट किंवा रेक म्हणतात. तीन, चाकाची टायरसकट त्रिज्या. हिशेब असा: त्रिज्येला हेड अँगलच्या कोसाइनने गुणा, त्यातून बाक वजा करा, आणि जे उरेल त्याला त्याच अँगलच्या साइनने भागा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम.

बाकाबद्दलचा एक गैरसमज मी अनुभवी लोकांकडूनही ऐकलाय. चिमटा जेवढा पुढे वाकलेला तेवढी सायकल स्थिर, असं समजलं जातं. हिशेबात बघा, बाक वजा होतो. बाक वाढला की ट्रेल कमी होतो, म्हणजे हँडल हलकं होतं. जुन्या काळ्या २८ इंची सायकलचा चिमटा एवढा पुढे वळलेला दिसतो, कारण तिचं हेड चांगलंच मागे झुकलेलं असतं. त्या झुकावाने ट्रेल फार वाढला असता, तो बाकाने आवरून धरलाय. दोन्ही मापं एकमेकांना धरून ठरवलेली आहेत. म्हणून दुधाच्या बरण्या लटकवूनही ती सायकल एका हाताने चालवता येते. त्यातलं एकच माप बदललं तर तो मेळ मोडतो.

सर्वसाधारण रोड सायकल घेतली, हेड अँगल ७३ अंश, बाक ४५ मिलिमीटर, टायर २८ मिलिमीटर रुंदीचा, तर ट्रेल सुमारे ५७ मिलिमीटर येतो. तोच चिमटा ७१ अंशांवर धरला तर सुमारे ६९. दोन अंशांनी १२ मिलिमीटर! बाक ५ मिलिमीटरने वाढवला तर ट्रेल साधारण तेवढाच कमी होतो. टायर २८ वरून ३५ केला तर जेमतेम २ मिलिमीटर वाढतो, त्याची काळजी नको. आणि आमच्या दुखण्याचं मूळ: चिमट्याची उंची १० मिलिमीटरने कमी झाली तर सायकलचं पुढचं टोक खाली येतं आणि हेड अँगल जवळपास अर्ध्या अंशाने उभा होतो.

माझ्या सायकलचा हिशेब मग असा लागला. आधी हेड अँगल ७१, बाक ४० आणि ३५ चा टायर. ट्रेल सुमारे ७७. चिमटा ५० मिलिमीटरने बुटका झाल्यावर हेड अँगल ७३.५ वर गेला. वर नव्या चिमट्याचा बाक ५० होता. ट्रेल आला ५०. म्हणजे २७ मिलिमीटर एका झटक्यात गेले, आणि दोन्ही बदलांनी त्याला एकाच दिशेला ढकललं.

ट्रेल ५० हा आकडा मुळात वाईट नाही. पुढे बॅग लावून लांब पल्ल्याला जाण्यासाठी फ्रान्समध्ये बांधल्या जाणाऱ्या जुन्या धाटणीच्या सायकलींचा ट्रेल ३० ते ४० च्या घरात असतो, आणि त्या लोकांना आवडतात. पण ती सायकल पहिल्यापासून तशी बांधलेली असते, हँडल, वजनाची जागा, सगळं त्याला धरून. माझं हँडल रुंद आणि सपाट, डबा आणि कपडे मागच्या कॅरिअरवर, आणि हातांना सवय ७७ ची. शिवाय फ्रेम पुढे झुकल्याने बीबी (पायडलचा दांडा जिथून जातो तो फ्रेमचा खालचा सांधा) जवळपास २० मिलिमीटर खाली आली होती, त्यामुळे वळणावर पायडल रस्त्याला घासायचं. सीटही पुढे कलली होती, म्हणून तळहातांवर भार वाढून मनगटं दुखायची. हे दोन त्रास मी वेगळेच समजत होतो. सगळ्यांचं मूळ एकच निघालं.

हे घरी मोजायचं कसं? फरशी समपातळीत हवी. टायर भरलेले, चाक सरळ, कुणीतरी सायकल उभी धरलेली. ओळंबा पुढच्या एक्सलच्या नटाला टेकवून सोडा आणि जिथे टोक येईल तिथे खडूची खूण करा. टायर जमिनीला टेकतो ती जागा तीच. आता सायकलच्या बाजूने चार-पाच पावलं लांब जा, एक डोळा मिटा, आणि हेड ट्यूबच्या मध्यावरून ताणलेला दोरा जमिनीपर्यंत न्यायला दुसऱ्याला सांगा. दोरा टेकतो तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. चार-पाच मिलिमीटरची चूक होणारच, निदानाला तेवढं चालतं. एकटेच असाल तर सायकल भिंतीला टेकवून पाच-सहा मीटरवरून, एक्सलच्या उंचीवर मोबाइल धरून, झूम करून फोटो काढा आणि फोटोवरच रेघ ओढा. जवळून काढलेला फोटो फसवतो. हेड अँगलसाठी मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप हेड ट्यूबला टेकवलं की पुरे, फक्त आधी ते फरशीवर ठेवून शून्य दाखवतंय का ते पाहून घ्या. निमुळत्या हेड ट्यूबवर ॲप चुकतं, तिथे फोटोच बरा.

औषध ठरलं. मी ४३० मिलिमीटर उंचीचा, ४५ बाकाचा साधा चिमटा शोधला. सस्पेन्शनच्या जागी बसावा म्हणून मुद्दाम उंच केलेले असे चिमटे मिळतात, दुकानात ‘सस्पेन्शन करेक्टेड’ म्हणून मागायचे. मूळ ४४५ होता, मग ४३० का? सस्पेन्शन स्वार बसल्यावर थोडं दबतं, १०-१५ मिलिमीटर सहज. म्हणजे चालवताना खरी उंची ४३० च्या जवळच होती. हेड अँगल आता ७२ च्या आत, ट्रेल सुमारे ६६. तो बुटका चिमटा एका मित्राच्या रोड सायकलला लागला, त्यामुळे पैसेही अगदी वाया गेले नाहीत.

चिमटा घेताना दुकानदाराला चार गोष्टी विचारा: एक्सलपासून क्राउनपर्यंत उंची किती, बाक किती, हेड ट्यूबमधून वर जाणाऱ्या नळीचा व्यास आणि लांबी किती, आणि ब्रेक कोणता बसतो. उंची आणि बाक बॉक्सवर नसतील तर टेप लावून तिथेच मोजा. “सगळ्याला बसतो” हे उत्तर ऐकलं की पिशवी उचलून बाहेर पडावं असं माझं स्पष्ट मत आहे. नळी कमी पडली तर ती वाढवता येत नाही, जास्त असेल तर कापता येते.

चिमटा बदललेला नसताना सायकल अचानक वेगळी वागू लागली असेल तर आठवून पाहा, ती कुठे धडकली होती का? खड्ड्यात किंवा दुभाजकावर समोरून आदळलेल्या सायकलचा चिमटा मागे वाकतो. बाक कमी होतो, ट्रेल वाढतो, हँडल हळू वेगात जड होऊन एका बाजूला लोळायला लागतं, आणि वळताना बुटाचं टोक चाकाला लागतं. बाजूने पाहिलं तर बाकदार चिमट्याच्या नळ्या हेड ट्यूबच्या रेघेत वरच्या बाजूला सरळ असायला हव्यात. क्राउनखाली कोपऱ्यासारखी मोड दिसली की समजा. हेड ट्यूबच्या मागे, खालच्या दांड्याच्या पोटाशी रंगाला सुरकुत्या पडल्यात का तेही बोट फिरवून पाहा. तिथे सुरकुती म्हणजे फ्रेमही गेली.

ओढीच्या तक्रारीसाठी एक साधी परीक्षा आहे. चिमट्यात रिम कुठल्या बाजूला जास्त जवळ आहे ते पाहा. मग चाक काढून डावी-उजवी उलटं बसवा. जवळची बाजू बदलली तर दोष चाकात आहे, आरे ओढून रिम मध्यावर आणता येईल. जवळची बाजू तीच राहिली तर चिमटा वाकडा. डिस्क ब्रेकच्या चाकाला ही युक्ती चालत नाही, तिथे दुसरं सरळ चाक घालून बघावं लागतं.

वाकडा चिमटा सरळ करून देणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. लोखंडी, म्हणजे साध्या स्टीलचा, थोडासा वाकलेला चिमटा जाणकार मिस्त्री एकदा सरळ करू शकतो. त्यानंतर क्राउनजवळ तडा गेलाय का ते घासून, पुसून, उजेडात पाहायलाच हवं. ॲल्युमिनियमचा किंवा कार्बनचा चिमटा मात्र वाकवून सरळ करू देऊ नका, कितीही स्वस्तात होत असला तरी. ॲल्युमिनियम उलट वाकवलं की आतून थकतं, आणि पुढे कधीतरी काही इशारा न देता तुटतं. चिमटा तुटला तर स्वार तोंडावर पडतो. यात काटकसर नको.

आता एक असा दोष, जो मला रस्त्यावर महिन्यातून एकदा तरी दिसतो आणि दर वेळी मी थांबून सांगतो. ऑनलाइन मागवलेली मुलांची सायकल खोक्यात मावावी म्हणून चिमटा मागे फिरवलेला असतो. घरी हँडल बसवताना तो तसाच राहतो. बाक स्वाराकडे, पुढचा ब्रेक मागच्या बाजूला. मूल म्हणतं, “बाबा, सायकल जड चालते,” आणि आपण म्हणतो, सवय होईल. वरच्या हिशेबात बाक वजा करायच्या ऐवजी मिळवून पाहा: ७३ अंश, ४५ मिलिमीटर, २८ चा टायर, तर ट्रेल ५७ चा १५० होतो. चाक पायापाशी येतं, आणि सायकल मागे-पुढे आखूड होते.

गंमत अशी की उलट्या चिमट्याची सायकल रिकामी ढकलली तर जास्त सरळ जाते. डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने न चालवता येणारी सायकल बनवण्याचा प्रयत्न केला होता आणि ते प्रयोग १९७० साली ‘फिजिक्स टुडे’त लिहिले. त्यांत एक सायकल उलट्या चिमट्याची होती. ती ढकलून सोडली की बिनस्वाराची विलक्षण स्थिर राहायची, पण चालवायला बोजड होती. मोटरसायकलच्या अगदी मागे चिकटून शर्यत करणाऱ्यांच्या ट्रॅक सायकलींना तर चिमटा मुद्दामच उलटा असतो आणि पुढचं चाक लहान, म्हणजे मोटरसायकलच्या आडोशात जास्त जवळ जाता येतं. तिथे रस्ता गुळगुळीत, वळणं मोठी आणि वेग कायम. सोसायटीच्या आवारात गोल फिरणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला याचा काही उपयोग नाही. स्टेमचा (हँडल चिमट्याला जोडणाऱ्या तुकड्याचा) बोल्ट ढिला करा, चिमटा १८० अंशांत फिरवा, ब्रेकची केबल कुठे पीळ खात नाही ना पाहा, हँडल चाकाच्या रेघेत आणा, बोल्ट आवळा. मग ब्रेक तपासा.

ट्रेल म्हणजेच सगळं, असंही धरू नका. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल या विद्यापीठांच्या संशोधकांनी अशी छोटी सायकल बनवून दाखवली जिचा ट्रेल शून्याच्याही किंचित खाली होता आणि चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी रद्द केलेला होता, तरी ती एकटी धावताना स्वतःला सावरायची. वजन कुठे आहे यालाही तेवढंच महत्त्व आहे, हे त्यातून दिसलं. आपल्याला त्याचा रोजचा अर्थ एवढाच: ट्रेल बरोबर असूनही थरथर येत असेल तर सामान तपासा. मागच्या एक्सलच्याही मागे, उंच बांधलेली बॅग फ्रेमला पीळ देते. कॅरिअरचे स्क्रू ढिले असतील तर आणखीच. तेच सामान खाली, एक्सलच्या आजूबाजूला दोन पिशव्यांत वाटलं की फरक लगेच कळतो. हँडलवर लटकवलेली भाजीची पिशवी तर सगळ्यात वाईट, कारण ती स्टिअरिंगबरोबरच झुलते. मागे लहान मुलाची सीट असेल तर तिचे क्लॅम्प दर आठवड्याला हाताने हलवून बघा.

नवा चिमटा लागला की लगेच घाटात जाऊ नका. पहिले ५० किलोमीटर शहरात चालवा, त्यात वाट्या आणि क्राउन रेस आपापल्या जागी बसतात आणि हेडसेट थोडा ढिला पडतो. तो पुन्हा बेताने लावा: पुढचा ब्रेक धरून टकटक नाही, आणि चाक उचलल्यावर हँडल आपल्या वजनाने पडतंय. स्टेमचे बोल्टही तेव्हाच पाहून घ्या. मग आधी एखादा लहान उतार, सामान न घेता, ३० पर्यंत. तिथे एक हात हलका करून पाहा, मग दोन्ही हात नुसते टेकवून. सिंहगड त्यानंतरच्या रविवारी.